तुबिएरा की उबिएरा?

दोस्तांनो, महिन्यापूर्वीची गोष्ट. रविवारची दुपार होती. जेवणं आटोपून मी जरा आडवी झाले होते, तोच दारावरची घंटा वाजली. एकदा नाही, चांगली तीनदा! अशी घंटा वाजवणारं माणूस आमच्या नात्यात एकच. माझी भाची. इयत्ता नववी. पाठीला सॅक, हातात वही आणि चेहरा असा, की नुकताच कुणीतरी कारल्याचा रस पाजलाय.

"मावशी, हे काय आहे ते तू मला आत्ताच्या आत्ता सांग," असं म्हणत तिनं वही माझ्यापुढे आपटली. पानाच्या वर लाल शाईनं लिहिलं होतं, 'प्रेतेरितो इंपेरफेक्तो दे सुब्खुंतिबो.'

"नाव वाचूनच ताप येतो गं! आणि उद्यापर्यंत याची पाच वाक्यं लिहायचीत. पुस्तकातली चालणार नाहीत. स्वतःच्या मनातली हवीत म्हणे."

तुमच्यापैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. भाची गेल्या वर्षापासून स्पॅनिश शिकते आहे. स्पॅनिश ही स्पेनची भाषा. पण ती स्पेनपुरती राहिलेली नाही. मेक्सिको, कोलंबिया, पेरू, चिली, अर्जेंटिना, क्यूबा अशा विसेक देशांचा कारभार या भाषेत चालतो. भाची आणि तिची एक जिवलग मैत्रीण, दोघींनी मिळून क्लास लावला होता. पण मैत्रिणीच्या बाबांची बदली झाली आणि एप्रिलमध्ये ती नागपूरला गेली. तेव्हापासून भाची क्लासला एकटीच जाते.

"बस," मी म्हटलं. "आधी पाणी पी. आणि मला सांग, तुमच्या मराठीच्या व्याकरणात 'संकेतार्थ' नावाची भानगड आहे की नाही?"

"आहे. पाऊस पडला असता तर पीक आले असते!" तिनं एका दमात सांगितलं. (सगळ्या महाराष्ट्रात संकेतार्थाला हे एकच उदाहरण कसं मिळतं, कोण जाणे!)

"बरं, 'मी पक्षी असते तर' हा निबंध लिहिलायस?"

"तीनदा. एकदा पक्षी, एकदा फुलपाखरू आणि एकदा मुख्याध्यापक."

"झालं तर मग! ज्या गोष्टी खऱ्या नाहीत, पण मनात आहेत, त्यांच्याबद्दल बोलायची ही रीत तुला चांगली येते. स्पॅनिश लोकांनी तिला लांबलचक नाव दिलंय, एवढंच. आणि नाव तर मागाहून येतं गं. स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण आंतोनियो दे नेब्रिखा यांनी लिहिलं १४९२ साली. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण आलं १८३६ साली. म्हणून त्याआधी कुणी 'असतं तर' म्हणतच नव्हतं की काय?"

भाचीच्या चेहऱ्यावरचं कारलं थोडं कमी झालं.

मग मी तिच्या वहीत पहिलं वाक्य लिहिलं, "सी फुएरा पाखारो, बोलारिया."

"पाखारो? पाखरू?" ती ओरडलीच.

हो! 'पाखारो' म्हणजे पक्षी. मी पक्षी असते तर उडाले असते. पण गंमत अशी, की हा निव्वळ योगायोग आहे बरं का. आपलं 'पाखरू' आलं 'पक्ष' म्हणजे पंख या शब्दावरून आणि त्यांचा 'पाखारो' आला लॅटिनमधल्या चिमणीच्या नावावरून. दोघांचं काही नातं नाही. लक्षात ठेवायला मात्र छान!

या वाक्यातला 'फुएरा' हा आजचा आपला पाहुणा. आणि अशी क्रियापदं बनवणं इतकं सोपं आहे, की तुम्ही बसल्या जागी शिकाल. कृती लिहून घ्या.

साहित्य : 'ते' या कर्त्याचा साधा भूतकाळ. म्हणजे ते बोलले, ते गेले, ते म्हणाले वगैरे. स्पॅनिशमध्ये या रूपांच्या शेवटी नेहमी 'रोन' असतं.

कृती : शेपटीचा 'रोन' कापून टाका आणि तिथे 'रा' चिकटवा. संपलं!

ते बोलले, आब्लारोन. त्यावरून आब्लारा.
त्यांच्याकडे होतं, तुबिएरोन. त्यावरून तुबिएरा.
ते आले, बिनिएरोन. त्यावरून बिनिएरा.
ते म्हणाले, दिखेरोन. त्यावरून दिखेरा.
ते होते, फुएरोन. त्यावरून फुएरा.

"आणि अपवाद?" भाचीनं संशयानं विचारलं. व्याकरणात नियमाच्या पाठोपाठ अपवाद येतातच, हे तिला अनुभवानं ठाऊक.

"नाहीत."

"एकही नाही?"

"एकही नाही. 'ते'चं भूतकाळाचं रूप कितीही वेडंवाकडं असो, त्यावरून हे रूप सरळ बनतं. 'मी' आणि 'तो-ती' यांना नुसतं 'रा'. 'तू' असेल तर 'रास'. 'आम्ही'ला 'रामोस'. 'ते'ला 'रान'. आणि मराठीसारखं मुलगा म्हणतो 'असतो तर', मुलगी म्हणते 'असते तर', असंही नाही. दोघांना एकच फुएरा. एक गंमत मात्र आहे. 'असणं' आणि 'जाणं' या दोन क्रियापदांचा भूतकाळ स्पॅनिशमध्ये अगदी सारखा आहे, 'फुएरोन'. म्हणून 'फुएरा' म्हणजे 'असते' की 'गेले', ते मागचंपुढचं वाक्य पाहून ओळखायचं."

मग तिनं स्वतःचं पहिलं वाक्य लिहिलं. पंख असते तर मी बस पकडली नसती. लिहिलं असं, "सी तेंद्रिया आलास, नो तोमारिया एल आउतोबुस."

पहिल्याच वाक्यात चूक! पण ही चूक का झाली, ते पाहण्यासारखं आहे. मराठीत वाक्याच्या दोन्ही तुकड्यांना आपण एकच 'असते' लावतो. पंख असते तर... पकडली नसती. जुळ्या भावांना एकाच कापडाचे शर्ट शिवावेत, तसं. स्पॅनिशमध्ये मात्र दोन तुकड्यांचे कपडे वेगळे. 'सी' म्हणजे 'जर'. ज्या तुकड्यात 'सी' आहे, तिथे 'रा'चं रूप. आणि मग काय झालं असतं ते सांगणारा जो दुसरा तुकडा, तिथे 'रिया'चं रूप. भाचीनं दोन्हीकडे 'रिया' लावलं होतं. खरं वाक्य असं, "सी तुबिएरा आलास, नो तोमारिया एल आउतोबुस."

तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, "अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रदेश आहे. तिथले आणि शेजारच्या काही भागांतले लोक, ज्यांची मातृभाषाच स्पॅनिश आहे तेसुद्धा, बोलताना सर्रास असं दोन्हीकडे 'रिया' लावतात. शाळेत बाई रागावतात, ते निराळं!"

हे ऐकून तिला फार बरं वाटलं. आपल्यासारखी चूक करणारं कुणी भेटलं की अभ्यासाला हुरूप येतो, नाही का?

दुसरं वाक्य तिनं फटकन लिहिलं. तिच्या धाकट्या भावाबद्दल होतं. "मि एर्मानो आब्ला कोमो सी फुएरा रेय." माझा भाऊ असा बोलतो, जणू काही राजाच! 'कोमो सी' म्हणजे 'जणू काही'. त्याच्यामागे आपला पाहुणा हटकून येतो. कारण भाऊ राजा नाहीच, हे साऱ्या घराला ठाऊक आहे.

तिसऱ्या वाक्यात आणखी एक गंमत निघाली. भाचीला लिहायचं होतं, 'आईला वाटत होतं, मी गाणं शिकावं.' आता मराठीत पाहा. 'आईला वाटतं, मी गाणं शिकावं.' 'आईला वाटत होतं, मी गाणं शिकावं.' आईचं वाटणं आजचं असो की दहा वर्षांपूर्वीचं, 'शिकावं' आपलं जागचं हलत नाही. ते आपलं विध्यर्थी रूप. स्पॅनिशमध्ये मात्र आई भूतकाळात गेली की गाणंही तिच्या मागोमाग भूतकाळात जातं! आज वाटत असेल तर 'आप्रेंदा'. तेव्हा वाटत होतं तर 'आप्रेंदिएरा'. म्हणून वाक्य झालं, "मि मादरे केरिया के यो आप्रेंदिएरा आ कांतार."

म्हणजे बघा हं, मराठीत जे काम 'असते तर' आणि 'शिकावं' ही दोन निरनिराळी रूपं करतात, ते स्पॅनिशमध्ये हे एकटं 'रा'चं रूप करतं. का बरं? कारण दोन्ही गोष्टी घडलेल्या नसतात. त्या कुणाच्या तरी मनात असतात. पंखही मनातले आणि आईची इच्छाही मनातलीच.

"आणि शिकलीस का गं गाणं?" मी विचारलं.

"मावशी, विषय बदलू नकोस," भाची म्हणाली.

चौथं वाक्य लिहिण्याआधी मी तिला एक जादूचा शब्द दिला, 'ओखाला'. याचा अर्थ 'असं होवो', 'असं झालं तर किती बरं'. हा शब्द मुळात अरबी. इ. स. ७११ मध्ये मुस्लिम फौजा उत्तर आफ्रिकेतून स्पेनमध्ये उतरल्या. त्यांचं तिथलं शेवटचं राज्य, ग्रानादाचं, संपलं ते १४९२ मध्ये. जवळजवळ पावणेआठशे वर्षांचा शेजार! एवढ्या काळात अरबीतले कितीतरी शब्द स्पॅनिशमध्ये येऊन राहिले. 'देवानं इच्छिलं तर' अशा अर्थाचे अरबी शब्द एकत्र होऊन हा 'ओखाला' झाला. ओखाला म्हणताना स्पॅनिश माणसाला त्यातला देव आता दिसतही नाही.

पण या 'ओखाला'ला दोन रूपं चालतात आणि खरी मेख तिथेच आहे. समजा, जून महिना आहे. ढग भरून आलेत. तुम्ही म्हणता, पाऊस पडू दे रे बाबा! तर म्हणायचं, "ओखाला युएबा." होईल, अशी आशा आहे. आता समजा, एप्रिलचं रणरणतं ऊन आहे. आभाळात ढगाचा टिपूस नाही. तुम्ही घाम पुसत म्हणता, आत्ता पाऊस आला असता तर! तर म्हणायचं, "ओखाला योबिएरा." इच्छा तीच, पाऊसही तोच. पण बोलणाऱ्याला मनातून ठाऊक आहे, की आज काही तो येत नाही. आशा असली की 'युएबा'. नसल्यातच जमा असली की 'योबिएरा'. हे नीट लक्षात ठेवा हं. पुढे लागणार आहे.

भाचीनं लिहिलं, "ओखाला एल लुनेस फुएरा दोमिंगो." सोमवार रविवार असता तर! यात आशा नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

एव्हाना आमचा चहा झाला होता. मी तिला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे या 'रा'ला एक जुळा भाऊ आहे, 'से'. फुएरा म्हणा नाहीतर फुएसे म्हणा, तुबिएरा म्हणा नाहीतर तुबिएसे म्हणा. अर्थ एकच. स्पेनमध्ये दोन्ही ऐकू येतात. लॅटिन अमेरिकेत बोलताना 'रा'च जास्त. पुस्तकात 'से' दिसलं तर दचकायचं नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. हे 'रा' पूर्वी असं स्वप्नाळू नव्हतंच! लॅटिनमध्ये आणि जुन्या स्पॅनिशमध्येही 'आब्लारा'सारख्या रूपाचा अर्थ होता 'तो बोलला होता'. सरळ, घडून गेलेली गोष्ट. पण शतकानुशतकं बोलता बोलता ते रूप 'बोलला होता'कडून 'बोलला असता'कडे चालत गेलं. 'होता' आणि 'असता'. मराठीतही दोघे अगदी शेजारी राहतात की नाही?

"चार वाक्यं झाली," मी म्हटलं. "आता पाचवं."

भाची पेन दाताखाली धरून बसली. दोन मिनिटं गेली, पाच मिनिटं गेली. एरवी हिला गप्प बसवायला लागतं. मला जरा वेगळंच वाटलं. मी सहज विचारलं, "काय गं, नागपूरहून काही खबरबात?"

आणि भाचीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

हळूहळू सगळं बाहेर पडलं. मार्चमध्ये क्लासचं एक नाटुकलं होतं. त्यात राणीचं काम दोघींनाही हवं होतं. बोलता बोलता शब्दाला शब्द लागला आणि भाची म्हणाली, "तू तर आता जाणारच आहेस. तुला कशाला हवंय काम?" मैत्रीण काहीच बोलली नाही. वही उचलली आणि निघून गेली. मग बोलणं बंद. हिला वाटलं, ती बोलेल. तिला वाटलं, ही बोलेल. आठ दिवसांनी सामानाचा ट्रक आला आणि ती मंडळी नागपूरला गेली. भाची निरोप द्यायला गेलीच नाही. खिडकीच्या पडद्याआडून ट्रक पाहत राहिली.

"मी बोलले असते गं तिच्याशी," ती मुसमुसत म्हणाली.

आता दोस्तांनो, अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? पाठीवरून हात फिरवावा. तो मी फिरवलाच. पण मला एकदम एक गोष्ट सुचली. मी म्हटलं, "हेच स्पॅनिशमध्ये सांग बघू. 'मी तिच्याशी बोलले असते.'"

तिनं डोळे पुसले. विचार केला. मग म्हणाली, "पण... कुठलं?"

अगदी बरोबर! कुठलं?

मराठीत 'बोलले असते' हे दोन्ही वेळांना चालतं. 'तिचा नंबर असता तर आत्ता बोलले असते.' 'त्या दिवशी धीर झाला असता तर तेव्हा बोलले असते.' दोन्हीकडे एकच रूप. स्पॅनिशला हे चालत नाही. ती विचारते, बाई गं, आत्ताचं बोलतेस की तेव्हाचं? मी वहीच्या मागच्या पानावर तीन वाक्यं लिहिली.

एक. सी तेंगो तिएंपो, इरे. वेळ मिळाला तर जाईन. हे उघडं दार. जाणं होईलही.

दोन. सी तुबिएरा तिएंपो, इरिया. मला आत्ता वेळ असता तर गेले असते. हे लोटलेलं दार. आत्ता वेळ नाही, म्हणून जाणं नाही. पण कडी लावलेली नाही.

तीन. सी उबिएरा तेनिदो तिएंपो, आब्रिया इदो. तेव्हा वेळ मिळाला असता तर गेले असते. हे दार बंद. कडी लागली आणि वेळ निघून गेली.

तुबिएरा आणि उबिएरा. ऐकायला सख्खे भाऊ, पण एक आजचा आणि एक कालचा. मेक्सिकोत एक म्हण आहे, "एल उबिएरा नो एक्सिस्ते." 'उबिएरा' असं काही नसतंच! आपण नाही का म्हणत, जर-तरच्या गोष्टींना काही अर्थ नाही? तेच.

भाचीनं वही ओढून घेतली आणि पाचवं वाक्य लिहिलं. मला न विचारता, सावकाश, "सी ले उबिएरा पेदिदो पेर्दोन आकेल दिया, सेरियामोस आमिगास तोदाबिया." त्या दिवशी मी तिची माफी मागितली असती, तर आम्ही अजून मैत्रिणी असतो.

मग ती म्हणाली, "चुकलं वाटतं. पहिला तुकडा उबिएराचा आहे. दुसराही तसाच बंद दाराचा हवा होता ना?"

मी वाक्य पुन्हा वाचलं. "नाही चुकलं. अगदी शुद्ध आहे. पण तू काय लिहिलंस ते तुझं तूच बघ. पहिला तुकडा त्या दिवसाचा. तो झाला, गेला, त्याला कडी लागली. पण दुसरा तुकडा? 'सेरियामोस' म्हणजे आत्ता असतो. आजची गोष्ट. मैत्रीला तू कडी लावलेलीच नाहीस!"

ती वाक्याकडे बघत राहिली.

मग मी तिला 'रा'चं शेवटचं काम सांगितलं. ते मुद्दाम मागे ठेवलं होतं. कॅफेत जाऊन 'मला कॉफी हवी' असं म्हटलं तर स्पॅनिशमध्ये ते जरा धसमुसळं वाटतं. म्हणून लोक म्हणतात, "किसिएरा उन काफे." शब्दशः पाहिलं तर काहीसं असं, की मला कॉफी आवडली असती. हसू नका! आपणही वाण्याच्या दुकानात जाऊन काय म्हणतो? "काका, जरा शंभराचे सुट्टे हवे होते." हवे होते! म्हणून काका काही विचारत नाहीत, "मग आता नकोत का?" एक पाऊल मागे सरून मागायचं, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायलाही जागा राहते. सभ्य माणसं अशीच मागतात, मराठीतही आणि स्पॅनिशमध्येही.

"माफी मागायला पण चालतं?" भाचीनं विचारलं.

"फार छान चालतं. किसिएरा पेदिर्ते पेर्दोन. मला तुझी माफी मागायची होती."

म्हणजे पाहा, ज्या रूपानं हळहळ करायची, त्याच रूपानं माफीही मागता येते. एका हातानं डोळे पुसायचे आणि दुसऱ्या हातानं दार वाजवायचं.

फोन करायचा धीर तिला होत नव्हता. म्हणून आम्ही आंतर्देशीय पत्र आणलं. पाच वाक्यांतलं पाचवं तिनं त्यात उतरवलं, खाली 'किसिएरा'चं वाक्य लिहिलं आणि आणखी काय काय मराठीत लिहिलं, ते मी वाचलं नाही. पत्र टाकायला मात्र मला बरोबर नेलं.

पहिला आठवडा गेला. दुसरा गेला. भाची रोज संध्याकाळी विचारायची आणि आपण विचारलंच नाही असं दाखवायची. मीही मनात म्हणत होते, उगीच या पोरीला आशा लावली की काय? दार वाजवणं आपल्या हातात असतं, उघडणं नसतं.

आणि गेल्या गुरुवारी दारावरची घंटा वाजली. एकदा, दोनदा, तीनदा... मी मोजायचंच सोडून दिलं.

"मावशी! आलं!"

नागपूरहून पोस्टकार्ड आलं होतं. मोजकाच मजकूर. आधी तिनं भाचीच्या पत्रातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली होती. (मैत्रीण खरी!) मग मराठीत लिहिलं होतं, की राणीचं काम तिला फारसं नकोच होतं, तिला शेवटचं एक नाटक भाचीबरोबर करायचं होतं. आणि सगळ्यात खाली स्पॅनिश ओळ होती, "ओखाला बेंगास पारा दिवाळी." दिवाळीला तू यावंस!

"मावशी, बघ ना, बघ ना!" भाची नाचत होती. "तिनं 'बेंगास' लिहिलंय! 'बिनिएरास' नाही लिहिलं!"

घरातल्या कुणालाच कळेना, की एका क्रियापदावरून या मुलीला एवढं नाचायला काय झालंय. पण तुम्हाला कळलं ना? ढग भरून आले असतील तर 'युएबा'. आभाळ कोरडं असेल तर 'योबिएरा'. नागपूरच्या आभाळात ढग होते!

आईबाबांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. मुलांना परकी भाषा शिकवायची ती नोकरीसाठी, मार्कांसाठी, परदेशी जाण्यासाठी, हे सगळं ठीकच आहे. पण दुसरी भाषा आपल्याला कधी कधी असा प्रश्न विचारते, जो आपली भाषा विचारत नाही. आपली भाषाही त्यांना असे प्रश्न विचारत असेलच. तुमचं मूल 'मी केलं असतं' म्हणेल, तेव्हा एकदा विचारून बघा, 'तेव्हा की आत्ता?' उत्तर 'आत्ता' असेल, तर एक पोस्टकार्ड आणून द्या.

आणि दोस्तांनो, आता तुमची पाळी. खालच्या वाक्यांत दार उघडं आहे (तेंगो), लोटलेलं आहे (तुबिएरा) की बंद आहे (उबिएरा)? ओळखा पाहू. उत्तरं तळाशी आहेत, पण आधी बघायची नाहीत. देवाशपथ!

१. सुट्टी मिळाली तर मी आजोळी जाईन.
२. काल गजर झाला असता तर माझी बस चुकली नसती.
३. मला आत्ता पोहता येत असतं तर मीही पाण्यात उतरले असते.
४. ताई अशी बोलते, जणू सगळं तिलाच ठाऊक!
५. आजी असती तर तिनं मला जवळ घेतलं असतं.

उत्तरं : १. उघडं. २. बंद. ३. लोटलेलं. (शिका की पोहायला!) ४. 'जणू' आहे म्हणून तुबिएराच्या घरातलं. ५. फसलात ना? नुसत्या मराठी वाक्यावरून हे सांगता येणार नाही. आजी आज इथे असती तर, की त्या दिवशी असती तर? बोलणाऱ्यालाच विचारायला हवं. आणि जरा हळू आवाजात विचारायला हवं.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर 'सी फुएरा पाखारो' म्हणत गच्चीवर एक चक्कर मारून या. उडू नका मात्र!